तमिळ घराचं वर्ष: सण कधी आणि पाळी कुणाची

मराठी घरात सूर्यावरून ठरणारा ठळक सण एकच, मकरसंक्रांत. म्हणून तो दरवर्षी 14-15 जानेवारीला हमखास सापडतो. बाकीचे सण इंग्रजी तारखांच्या हिशेबात मागेपुढे होत राहतात. तमिळ घराचं अख्खं वर्षच सूर्यावर बांधलेलं असतं. त्यामुळे गुढीपाडव्याला माटुंग्यातल्या किंवा चेंबूरमधल्या तमिळ शेजाऱ्यांच्या दारात फारशी हालचाल दिसत नाही आणि 14 एप्रिलला मात्र पहाटेपासून दारात कोलम उमटलेलं असतं. दिवाळीची पहिली आंघोळ आपल्याच दिवशी, पण भाऊबीज नाही. नारळी पौर्णिमेला जानवं बदलतात, पण राखीची परंपरा नाही.

हे सगळं समजून घ्यायचं तर प्रत्येक सणाला दोन प्रश्न विचारावे लागतात. तारीख कोणत्या नियमाने ठरली? आणि हा सण घरातल्या कुणाच्या वाट्याचा? पहिल्याचं उत्तर पंचांगात मिळतं, दुसऱ्याचं नात्यांत.

इथे आधाराला घेतलं आहे ते कावेरीखोऱ्यातल्या, म्हणजे तंजावर-कुंभकोणम् भागातल्या स्मार्त अय्यर कुटुंबाचं वर्ष. शेतकरी समाजांत पोंगल, आडी महिना आणि कुलदैवताची जत्रा यांना वजन जास्त. अय्यंगार, म्हणजे वैष्णव, घरांत काही तारखांचे नियम वेगळे. चौकट मात्र बरीचशी सारखी.

तारखेचे तीन नियम

सूर्य एका राशीतून दुसरीत जातो तो क्षण म्हणजे संक्रांत. तमिळ महिना या क्षणी बदलतो. संक्रांत सूर्यास्ताच्या आधी झाली तर महिन्याचा पहिला दिवस तोच. सूर्यास्तानंतर झाली तर दुसरा दिवस. एप्रिलच्या मध्यावर चित्तिरै सुरू होतो आणि मग क्रमाने वैकासी, आनी, आडी, आवणी, पुरट्टासी, ऐप्पसी, कार्तिगै, मार्गळी, तै, मासी, पंगुनी. महिन्यांची लांबी सारखी नसते. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते आणि तिची चाल मंदावते, म्हणून त्या सुमाराचा आनी महिना 32 दिवसांपर्यंत लांबतो. जानेवारीच्या सुरुवातीला ती सर्वांत जवळ असते, म्हणून मार्गळी 29-30 दिवसांत उरकतो.

या सौर महिन्यांत सण तीन तऱ्हांनी बसतात. पहिली तऱ्हा सरळ तारखेची: चित्तिरैची पहिली म्हणजे नवं वर्ष, आडीची अठरावी म्हणजे आडिप्पेरुक्कु, तैची पहिली म्हणजे पोंगल. दुसरी नक्षत्राची: कार्तिगै महिन्यात कृत्तिका नक्षत्र असेल त्या दिवशी दीपम्, मार्गळीत आर्द्रेला तिरुवादिरै, तै महिन्यात पुष्याला तैप्पूसम्, पंगुनीत उत्तरा फाल्गुनीला पंगुनी उत्तिरम्. हे दिवस बहुधा पौर्णिमेच्या आगेमागे येतात. तिसरी तऱ्हा तिथीची: विनायक चतुर्थी, नवरात्र, नरक चतुर्दशी. हे सण आपल्या दिवशीच येतात, कारण तिथी चंद्राची आणि चंद्र दोघांचा एकच.

साठ संवत्सरांची नावंही दोन्हीकडे तीच. आपण पाडव्याला जे नाव ऐकतो, तेच तमिळ घरात चित्तिरैच्या पहिल्या दिवशी, पंचांगवाचनात उच्चारलं जातं.

पंचांगं मात्र दोन जातींची. जुन्या सूत्रांवर चालणारं वाक्य पंचांग आणि आधुनिक वेधांशी मेळ घालणारं तिरुक्कणित पंचांग. दोहोंत तिथी काही तासांनी पुढेमागे होते, आणि ती सूर्योदयाच्या अलीकडे-पलीकडे पडली की दोन भावांच्या घरी एकच व्रत दोन वेगळ्या दिवशी होऊ शकतं. म्हणून कुटुंब एक पंचांग धरतं आणि शंका आली की वाध्यारांना, म्हणजे घरच्या पुरोहितांना, विचारतं.

नात्यांची मांडणी

तमिळ गोतावळ्याचे ढोबळ दोन भाग. पंगाळी म्हणजे आपले भाऊबंद, एका गोत्राचे, एका कुलदैवताचे. संबंधी म्हणजे लग्नामुळे जोडलेले: व्याही, मामा, सासुरवाडी. वर्षभराची धार्मिक कामं या दोन गटांत वाटलेली असतात. पितरांचं आणि कुलदैवताचं देणं पंगाळ्यांचं. सणाचं देणंघेणं, म्हणजे सीर, बहुतांशी माहेराकडून लेकीकडे वाहणारं.

तीट्टु, म्हणजे सोयर-सुतक, हेही पंगाळ्यांचं. भाऊबंदांत मृत्यू झाला की दहा दिवसांचं सुतक सर्वांना आणि बहुतेक घरांत पुढे वर्षभर सण होत नाहीत. दूरच्या शहरातल्या चुलतचुलत्याच्या निधनाने इथल्या घरातलं कोळू, म्हणजे नवरात्रातली बाहुल्यांची आरास, मांडायचं राहतं, ते यामुळे. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं गोत्र बदललेलं असल्याने तिच्या सासरचे सण चालू राहतात. कोण कुणाचं, हे अशा वर्षी नेमकं कळतं.

चित्तिरै ते आडी

नवं वर्ष सुरू होतं ते बघण्याने. आदल्या रात्री ताटात आंबा, केळी, फणस, विड्याची पानं, सोनं, नाणी मांडून मागे आरसा ठेवतात; सकाळी डोळे उघडताच पहिली नजर या मांडणीवर, म्हणजे कणीवर, पडावी. जेवणात कैरी, गूळ, मिरची आणि कडुलिंबाचा वाळवलेला मोहर घातलेली पच्चडी. आपल्या पाडव्याच्या कडुलिंबाचं हे सख्खं भावंडच.

जुलैच्या मध्यावर आडी लागतो आणि लग्नकार्यं थांबतात. महिना देवीचा: शुक्रवारी तिची पूजा, गावोगावी मारियम्मन् देवळांत नाचणी-बाजरीच्या आंबिलीचे रांजण. नव्या लग्नाच्या मुलीला या महिन्यात माहेरी नेण्याची चाल आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं माहेरचं हे पहिलं बोलावणं.

आडीची 18 तारीख, म्हणजे 2-3 ऑगस्ट, कावेरीची. पश्चिम घाटातल्या पावसाचं पाणी तोवर खाली तंजावरच्या सपाटीवर पोचलेलं असतं. 1934 पासून ते मेट्टूर धरणातून येतं. साठा पुरेसा असेल तर 12 जूनला पाणी सोडण्याचा प्रघात आहे. नदीकाठी बायका कावेरीला हळद-कुंकू, फुलं, काळे मणी, पिवळा दोरा वाहतात, गळ्यातला दोरा बदलतात आणि मग चित्रान्नांचे डबे उघडतात: चिंचेचा भात, लिंबाचा, नारळाचा, दह्याचा. काठावर बसून सहज खाता येतील असे भात. श्रीरंगमच्या अम्मा मंडपम् घाटावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते.

आवणी: एकामागोमाग एक

ऑगस्टच्या मध्यापासून स्वयंपाकघर थंड होत नाही. श्रावण पौर्णिमेला यजुर्वेदी पुरुषांचा उपाकर्माचा दिवस, आवणी अविट्टम्: नवं जानवं आणि दुसऱ्या दिवशी गायत्रीजप. पौर्णिमेच्या आधीच्या शुक्रवारी वरलक्ष्मी नोंबू. नोंबू म्हणजे व्रत, आणि हे सासूकडून सुनेकडे जाणारं. कलशावर देवीचा चांदीचा मुखवटा बसवून तिला दारातून घरात आणतात, पूजेनंतर मनगटावर पिवळा दोरा बांधतात आणि दुसऱ्या दिवशी कलश तांदळाच्या डब्यात ठेवतात. ज्या घरात ही चाल नाही तिथे हौस म्हणून सुरू करत नाहीत. "आमच्यात नाही," एवढं उत्तर पुरतं.

मग गोकुळाष्टमी. स्मार्त घरं अष्टमी तिथी धरतात, बरीच अय्यंगार घरं आवणीतलं रोहिणी नक्षत्र. म्हणून एकाच इमारतीत कृष्ण दोनदा जन्मतो. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत तांदळाच्या पिठाची इवली पावलं काढतात. मूठ पिठात बुडवून जमिनीवर टेकवायची, वर बोटाने पाच ठिपके द्यायचे, पाऊल तयार.

नैवेद्यातलं सीडै मात्र सहज हाताखाली येत नाही. तांदूळ धुऊन, भिजवून, सावलीत कापडावर पसरायचे आणि जेमतेम ओलसर असतानाच दळायचे. पीठ चाळून मंद आचेवर भाजायचं, इतकं की चिमटीतून सोडल्यावर रांगोळीसारखी सरळ रेघ पडावी. त्यात भाजलेल्या उडदाचं वस्त्रगाळ पीठ, लोणी, तीळ, हिंग, ओलं खोबरं. गोळ्या बोराएवढ्या करायच्या आणि हाताने घट्ट दाबायच्या नाहीत, अगदी गुळगुळीतही वळायच्या नाहीत. कापडावर थोडा वेळ सुकवून मगच तेलात सोडायच्या. कारण साधं आहे: आत ओल किंवा हवा कोंडली आणि वरचं कवच आधी कडक झालं की वाफेला वाट मिळत नाही. मग सीडै कढईतच फुटतं आणि तेलासकट बाहेर उडतं. म्हणून जाणत्या बायका गोळीला सुईने टोचून घेतात, घाणे लहान घालतात आणि झाकण हाताशी ठेवतात. मुलांना त्या दुपारी स्वयंपाकघरात मज्जाव असतो तो सोवळ्यामुळे तर खराच, पण कढईमुळेही.

विनायक चतुर्थीला बाजारातून साच्यात काढलेला ओल्या मातीचा गणपती, त्यावर कागदी छत्री, गळ्यात रुईच्या फुलांची माळ. सार्वजनिक थाट नाही, घरगुती पूजा आणि एकदोन दिवसांत विहिरीत किंवा वाहत्या पाण्यात विसर्जन. कोळुकट्टै म्हणजे आपले उकडीचे मोदक. गोडाबरोबर उडदाच्या सारणाचे तिखटमिठाचेही होतात.

नवरात्र: कोळू कसं उभं राहतं

सर्वपित्री अमावस्येला माळ्यावरच्या पेट्या उतरतात. जुन्या कापडात गुंडाळलेल्या बाहुल्या एकेक सुटतात. ट्रंका, पाट, टेबलं किंवा हल्ली लोखंडी घडवंच्या रचून पायऱ्या करतात. संख्या विषम, तीन, पाच, सात, नऊ. त्यावर पांढरं धुतलेलं वेष्टी, म्हणजे धोतर, ताणून बसवतात. सर्वांत वर कलश आणि मरप्पाची जोडी, लाल लाकडाची नवरा-बायको, बहुधा घरातल्या कुणाच्या तरी लग्नात माहेरून आलेली. त्यांना दरवर्षी नवे कपडे शिवतात. त्याखाली देव, दशावतार, मग साधुसंत, मग माणसं: लग्नाची वरात, वाजंत्री, आणि डाळ-तांदळाची दुकानं मांडून बसलेले चेट्टियार दांपत्य. जमिनीवर मुलांचा प्रांत: वाळूचं गाव, आरशाचं तळं, उगवलेल्या मोहरीचं शेत. वर देव, खाली संसार हा क्रम मोडायचा नाही. संसारात काय मांडायचं याला मात्र बंधन नाही. क्रिकेटचा संघही बसतो.

दरवर्षी निदान एक नवी बाहुली यावी असा संकेत आहे. कांचीपुरम् आणि पण्रुट्टीची बाहुली-कारागिरी नावाजलेली; चेन्नईत मैलापूरच्या कपालीश्वर देवळालगतच्या उत्तर माड वीथीत नवरात्राआधी बाहुल्यांचा बाजार भरतो.

संध्याकाळी बायका-मुली कुंकवाची डबी घेऊन एकमेकींकडे बोलावणं करतात. आलेल्या मुलीला गाणं म्हणायला सांगतात आणि ती आढेवेढे घेते. नऊ दिवस घरोघरी हेच चालतं. निघताना तांबूल: विड्याची पानं, सुपारी, हळदकुंडं, नारळ, खण. सोबत सुंडल: शिजवलेलं कडधान्य, वर मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी आणि ओलं खोबरं. रोज धान्य वेगळं: हरभरे, मूग, वाटाणे, चवळी. आपल्या हळदीकुंकवाला सरावलेल्या बाईला या घरात अवघडल्यासारखं होत नाही.

नवमीला सरस्वतीपूजन, पुस्तकं आणि वाद्यं पूजेत, त्या दिवशी वाचायचं नाही. विजयादशमीला पूजा उतरवून पहिलं पान वाचायचं, लहानग्यांचा श्रीगणेशा करायचा. रात्री एक बाहुली आडवी करून निजवली की कोळू संपलं.

दिवाळी, दीपम् आणि भावांचा हिशेब

तमिळ दीपावली म्हणजे मुख्यतः नरक चतुर्दशीची पहाट. आदल्या रात्री नव्या कपड्यांच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावून ते देवापुढे ठेवतात. पहाटे घरातली थोरली बाई प्रत्येकाच्या डोक्यावर तेल घालते. आंघोळ करून आलेला भेटेल त्याला विचारतो, गंगास्नान झालं का? मग सुंठ, मिरी, ओवा, गूळ, तूप यांचं काळपट लेगियम् चमचाभर खायचं, कारण पुढे दिवसभर तळणीचं खाणं आहे. लग्नानंतरची पहिली दिवाळी, तलै दीपावली, मुलीच्या माहेरी. जावयाचं कौतुक, कपडे, भेटी. आपला दिवाळसण ज्याला ठाऊक आहे त्याला इथे काही समजावून सांगायला नको. या पहिल्या वर्षी आडी, दिवाळी, पोंगल अशी सिरांची रांग लागते आणि तिचा भार मुलीच्या आईवडिलांना जड जातो, हेही दोन्हीकडे सारखंच.

दिव्यांची खरी आरास कार्तिगै दीपमला. तिरुवण्णामलैच्या डोंगरमाथ्यावर संध्याकाळी मोठा दीप लागला की घरोघरी अंगणात पणत्या. नैवेद्य लाह्यांचे, गुळाच्या पाकातले लाडू. या सणात भाऊ डोकावतो: बहिणीला त्याच्याकडून भेट येते.

बहीण-भावाचा मुख्य दिवस मात्र पोंगलचा दुसरा. मार्गळीत महिनाभर पहाटे कोलम, संत आंडाळची तिरुप्पावै गीतं आणि देवळातला गरम पोंगल-भाताचा प्रसाद झाल्यावर शेवटच्या दिवशी भोगी येते. तैच्या पहिल्या दिवशी नव्या भांड्याला कोवळ्या हळदीचं पानासकट रोप बांधून त्यात दूध-तांदूळ शिजवतात. उतू गेलं की सगळे "पोंगलो पोंगल" ओरडतात. दुसऱ्या दिवशी मदुरैकडे पालमेड्याला जल्लिकट्टू चालू असतं, गोठ्यांत गुरांची शिंगं रंगवलेली असतात आणि अय्यर घराच्या गच्चीवर कणू.

कणूचं काम बायकांचं आणि ते आंघोळीआधी. थोरल्या बाईकडून कपाळाला ओली हळद लावून घ्यायची. गच्चीवर हळदीची पानं पसरायची आणि पांढऱ्या, हळदीने पिवळ्या, कुंकवाने लाल केलेल्या भाताचे लहान लहान गोळे रांगेने मांडायचे. शेजारी गोड पोंगल, केळं, उसाचे तुकडे. कावळे-चिमण्या येऊन खातात. मागणं असं की कावळ्यांचा थवा जसा एकत्र राहतो तसा भावांचा गोतावळा एकत्र राहो. भाऊ त्या बदल्यात कणूचे पैसे देतो. दूर असेल तर पाठवतो. भाऊबीज इथे जानेवारीत होते, एवढंच.

क्षणावर चालणारा सण

मार्चच्या मध्यावर कारडैयान् नोंबू येतो. सावित्रीने सत्यवानाचे प्राण परत मिळवले त्याची आठवण, म्हणजे आपली वटपौर्णिमा. पण इथे वडही नाही, पौर्णिमाही नाही. मासी संपून पंगुनी लागतो तो संक्रांतीचा क्षण गाठायचा. तो कधी दुपारी येतो, कधी मध्यरात्री, कधी पहाटे साडेचारला. तोवर उपास. तांदळाच्या पिठात चवळी घालून उकडलेली अडै दोन प्रकारची, गुळाची आणि मिठाची, त्यावर लोण्याचा गोळा. वेळ झाली की थोरली बाई धाकट्यांच्या गळ्यात हळद लावलेला दोरा बांधते, आणि मग अडै खायची.

क्षण सगळ्या जगात एकच, त्यामुळे चेन्नईतली पहाट न्यू जर्सीत आदली संध्याकाळ असते. परदेशातल्या लेकीसुनांना हा नोंबू कधीकधी सोयीच्या वेळी मिळतो तो असा.

श्राद्ध आणि कुलदैवत

पोराबाळांना सणांची यादी पाठ असते. घरच्या कर्त्याला श्राद्धाच्या तिथी पाठ असतात. मृत्यूचा सौर महिना, पक्ष आणि तिथी मिळून ती ठरते: समजा मासी महिना, कृष्णपक्ष, पंचमी. चंद्राचा फेरा साडेएकोणतीस दिवसांचा आणि सौर महिना तीसेक दिवसांचा, त्यामुळे एखाद्या वर्षी तीच तिथी महिन्यात दोनदा येते. तेव्हा साधारणपणे दुसरी धरतात.

श्राद्ध थोरल्या मुलाचं, धाकटे जमतील तसे हजर. स्वयंपाक सुनांचा. पानावर बटाटा, टोमॅटो, कोबी नाही. कच्ची केळी, कारलं, पडवळ, सुरण, हाडजोडीची चटणी. मिरचीऐवजी मिरी. मिरची अमेरिकेतून पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात भारतात आली, पितरांच्या पानात तिला अजून जागा मिळालेली नाही. शिवाय दर अमावस्येला तर्पण. शास्त्राच्या मोजणीत वर्षाची 96 तर्पणं भरतात, ती सगळी करणारे आता थोडे.

कुलदैवत गावाकडचं: कुणाचं वैत्तीश्वरन् कोविल, कुणाचं स्वामिमलैचा मुरुगन, तिरुनेल्वेलीकडच्यांचं शास्ता. पंगुनी उत्तिरमला या शास्त्याच्या देवळांत एकेका घराण्याचे पंगाळी जमतात. एरवी पुरट्टासीच्या शनिवारी किंवा तैच्या शुक्रवारी घरीच माविळक्कु: भिजवून कुटलेल्या तांदळात गूळ मळून त्याचा दिवा करायचा, खळग्यात तूप-वात घालून लावायचा. वात शांत झाली की दिवाच प्रसाद म्हणून खातात.

सून किंवा जावई होणाऱ्यांसाठी

तमिळ-मराठी लग्नं आता मुंबई-पुण्यात नवलाची नाहीत. अशा घरात जाणाऱ्याने सणांची यादी पाठ करत बसू नये, ती कॅलेंडरात छापलेली असते. साखरपुड्याच्या सुमाराला चार गोष्टी विचारून वहीत लिहाव्यात: कुलदैवत कोणतं आणि कुठे, पंचांग वाक्य की तिरुक्कणित, घरात कोळू आणि वरलक्ष्मी नोंबू आहे का, आणि श्राद्धं कोणत्या महिन्यांत येतात. पहिल्या तीन प्रश्नांना सासूबाई उत्साहाने उत्तर देतील. चौथा प्रश्न सासऱ्यांना विचारावा. नव्या माणसाने आपणहून तो विचारला तर घराची वही त्याच्या हाती द्यायला हरकत नाही, असं त्यांना वाटू लागेल.